मार्मोसेट माकडाची देखभाल: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून मार्मोसेटबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं साध्या मार्मोसेटबद्दल आहेत: कानांवर पांढरे झुपके, शेपटीवर पट्टे, मूळ ईशान्य ब्राझीलचं. दुसऱ्या जातीचं काही वेगळं असेल तर तसं त्या जागी सांगितलं आहे.

१. फिंगर मंकी, पॉकेट मंकी आणि मार्मोसेट एकच का?

पहिली दोन नावं विकणाऱ्यांची. ‘फिंगर मंकी’ म्हणून ज्याचे फोटो फिरतात ते पिग्मी मार्मोसेट, पश्चिम ॲमेझॉन खोऱ्यातलं, पूर्ण वाढीला साधारण १०० ते १२० ग्रॅम. साधं मार्मोसेट ३०० ते ४०० ग्रॅमचं. अंग वीतभर आणि शेपूट त्याच्या दीडपट. फसवणूक होते ती इथे: साध्या मार्मोसेटचं जन्मतः ३० ग्रॅमचं पिल्लू बोटाला बिलगवून पिग्मी म्हणून खपवलं जातं. स्क्विरल मंकी पाऊण ते एक किलोचं असतं. त्याचा पिंजरा आणि आहार वेगळा, त्याला हे पान लावू नका.

२. भारतात मार्मोसेट पाळणं कायदेशीर आहे का?

नोंदणी आणि मुळापर्यंतचे कागद असतील तर आहे. वन्यजीव (संरक्षण) कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी तिने चौथ्या अनुसूचीत आणले. साधं मार्मोसेट आणि पिग्मी मार्मोसेट सायटिसच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. टॅमरिन ही मार्मोसेटच्याच कुळातली माकडं. त्यांतली कॉटन-टॉप टॅमरिन आणि गोल्डन लायन टॅमरिन परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे आणखी कडक.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार प्राण्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. आधीपासून पाळलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं, हेही कळवावं लागतं.

घेण्यापूर्वी विकणाऱ्याची नोंदणी बघा, जातीचं शास्त्रीय नाव बघा, आणि प्राणी परदेशातून आणलेला असेल तर आयात परवाना व सायटिस परवाना दोन्ही बघा. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत अशी माकडं कोंबलेली विमानतळांवर पकडली जातात, आणि न पकडलेली कुठल्यातरी फ्लॅटमध्येच येतात.

३. मित्राने भेट दिलं, कागद काहीच नाहीत. आता काय करू?

लपवू नका, विकू नका, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाला देऊन मोकळे होऊ नका. प्रत्येक हस्तांतराने गुंता वाढतो. वन्यजीव कायद्याची माहिती असलेल्या वकिलाशी बोला आणि वनविभागाकडे लेखी जा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. आपल्याकडून कागद न मागणारा डॉक्टर सापडला म्हणजे प्रश्न सुटला, असं होत नाही. बाहेर सोडण्याचा विचार असेल तर प्रश्न २० वाचा.

४. एकच पाळलं तर चालेल का? आम्ही त्याला भरपूर वेळ देऊ.

नाही. जंगलात ही माकडं कुटुंबाने राहतात, तीनपासून पंधरापर्यंत. दिवसातला काही वेळ एकमेकांचं अंग साफ करण्यात जातो आणि रात्री सगळी एका गठ्ठ्यात झोपतात. तुम्ही दहा तास ऑफिसात आणि आठ तास झोपेत. एकटं ठेवलेलं माकड स्वतःची शेपूट चावतं, केस उपटतं, पिंजऱ्यात त्याच वाटेने घिरट्या घालतं. आरसा किंवा खेळण्यातलं माकड हा उपाय नव्हे.

सगळ्यात सोपी जोडी म्हणजे नर आणि मादी, पिल्लं नको असतील तर नराची नसबंदी करून. एकत्र वाढलेले दोन भाऊ बहुधा जमवून घेतात. अनोळखी दोन प्रौढ माद्या एका पिंजऱ्यात कधीच नको. मारामारी जिवावर जाते.

५. लहानपणी बाटलीने वाढवलं तर माणसाळतं ना?

वर्षभर माणसाळल्यासारखं वाटतं. पंधरा ते अठरा महिन्यांत ते वयात येतं आणि मग घरातल्या एखाद्याला जोडीदार, दुसऱ्याला प्रतिस्पर्धी ठरवतं. प्रतिस्पर्ध्याला चावे बसतात, बहुतेकदा चेहऱ्यावर आणि बोटांवर. शिवाय आईपासून लवकर तोडलेल्याला आपल्याच जातीची भाषा येत नाही, त्यामुळे पुढे जोडी जमत नाही. पिल्लू किमान वर्षभर कुटुंबात राहिलेलं, धाकट्या भावंडांना पाठीवर वागवलेलं असावं. असं माकड तुमच्या खांद्यावर येऊन बसणार नाही कदाचित, पण हातातून किडा घेईल. तेवढ्यावर समाधान मानता येत असेल तरच या वाटेला या.

६. पिंजरा केवढा हवा? बाल्कनीत बसेल का?

युरोपीय संघाचा प्रयोगशाळांसाठीचा किमान नियम जोडीला अर्धा चौरस मीटर जागा आणि दीड मीटर उंची असा आहे, आणि पिंजऱ्याचा माथा जमिनीपासून किमान १.८ मीटरवर लागतो. तो तळ समजा, ध्येय नव्हे. घरी जोडीसाठी दोन मीटर उंच, दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद यापेक्षा लहान बनवू नका. उंची सर्वांत महत्त्वाची, कारण घाबरलं की ते वर जातं आणि माणसाच्या डोळ्यांच्या वर बसलं की शांत होतं.

जाळी १२ मिमीची वेल्डेड, शक्यतो स्टेनलेस स्टीलची. नवी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी लावलीच तर आधी व्हिनेगरने घासून धुवा. जस्ताचे सुटे कण आणि थेंब चाटून विषबाधा होते. दार एकामागे एक दोन हवीत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं न उघडणारी. झोपायला वरच्या कोपऱ्यात लाकडी पेटी, साधारण २५ × २० × २० सेंमी.

बाल्कनी चालते ती दिवसा, सावलीचा भाग असेल तर, आणि आत दुसरा पिंजरा असेल तर. पश्चिमेच्या बाल्कनीत पत्र्याखाली एप्रिलची दुपार काढायला लावणं म्हणजे भट्टीत ठेवणं.

७. आत कोणत्या झाडाच्या फांद्या लावू?

पेरू, जांभूळ, जास्वंद, शेवगा. कीटकनाशक न मारलेल्या, दोन ते पाच सेंमी जाडीच्या, काही घट्ट बांधलेल्या आणि काही हलत्या. हे माकड खालच्या दातांनी साल खरवडतं, म्हणून फांदी महिन्यात खराब होते आणि ती व्हायलाच हवी. कण्हेर आणि रुई विषारी. सुबाभूळ सोसायट्यांच्या कडेला फुकट मिळतं, पण त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात. फांद्यांऐवजी गुळगुळीत पीव्हीसी पाइप लावू नका. पायाच्या अंगठ्याखेरीज बाकी बोटांना नखं नसून नख्या असतात, त्या रुतायला साल लागते.

८. पुण्याची हवा मानवते का?

पावसाळा बऱ्यापैकी मानवतो. त्रास दोन टोकांना. तापमान २३ ते २८ अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के हे धरून चाला.

डिसेंबर-जानेवारीत पाषाण, शिवाजीनगरकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो. जाळीच्या बाहेरून सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट लावा. आत लावला तर ते बिलगतं आणि भाजतं. उघडा बल्ब रात्री नको, झोप मोडते. झोपायच्या पेटीत लोकरीचे धागे सुटणारं कापड ठेवू नका, बोटं अडकून रक्तपुरवठा तुटतो. फ्लीसचा तुकडा बरा.

एप्रिल-मे मध्ये एसी २६-२७ वर, झोत पिंजऱ्यावर नाही. कूलर चालतो, पण पाणी रोज बदला. मार्चमधली कोरडी हवा लोक विसरतात. शेपटीचं टोक कोरडं पडून भेगाळलं तर दिवसातून दोनदा फांद्यांवर पाणी फवारा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर हिवाळ्यात गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकवा.

९. रोज खिडकीतून छान ऊन येतं. तरी यूव्ही दिवा कशाला?

कारण यूव्हीबी, म्हणजे त्वचेत ड जीवनसत्त्व बनवणारा उन्हातला अदृश्य भाग, काचेतून जवळजवळ येतच नाही. स्लायडिंगच्या काचेमागे उन्हात बसलेलं माकड फक्त गरम होतं. ड जीवनसत्त्वाचा संप्रेरक दक्षिण अमेरिकी माकडांच्या शरीरात नीट लागू पडत नाही, म्हणून त्यांची गरज माणसापेक्षा कितीतरी जास्त असते. आणि त्यांना डी३ च लागतं. डी२ त्यांच्या फारसं उपयोगी नाही, त्यामुळे मशरूमपासून केलेलं ‘शाकाहारी’ ड जीवनसत्त्व देऊन हाडं वाचत नाहीत.

कमतरतेची पहिली खूण बारीक असते: उडी मारायची जागा ते चढून जाऊ लागतं. मग मागचे पाय ओढणं, जबडा मऊ पडणं, साध्या पडण्याने हाड मोडणं. एक्स-रेत दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

लांब नळीचा यूव्हीबी दिवा वरच्या फांदीपासून साधारण ३० सेंमीवर, दिवसाला १२ तास. सगळा पिंजरा दिव्याखाली नको; सावलीत सरकायला जागा हवी. प्रकाश दिसत असला तरी यूव्हीबी ओसरत जातं, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, सहा ते बारा महिन्यांत, नळी बदला. डी३ चे थेंब मनाने वाढवू नका. जास्त झालं की मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. मात्रा वजनावरून डॉक्टरांनीच ठरवायची.

१०. दिवसभरात काय आणि किती द्यायचं?

३५०-४०० ग्रॅमच्या प्रौढाला सगळं मिळून रोज ५० ते ६० ग्रॅम. विभागणी अशी:

सकाळी दिवा लागल्यावर अर्ध्या तासात भिजवलेलं मार्मोसेट पेलेट, म्हणजे गोळ्यांच्या रूपातलं तयार खाद्य, १५ ते २० ग्रॅम. हे आधी, कारण फळ दिसलं की पेलेटला कुणी हात लावत नाही. दुपारी भाज्या १५ ग्रॅम: उकडलेलं रताळं, तांबडा भोपळा, फरसबी, ढोबळी मिरची. चारच्या सुमारास तीन-चार किडे किंवा पाव उकडलेलं अंडं, आणि फळ ८ ते १० ग्रॅमच. डिंकाचं वेगळं, प्रश्न ११ पाहा.

फळाबाबत हात आखडता ठेवा. बाजारातली फळं माणसाच्या जिभेसाठी गोड केलेली असतात. केळं-चिकू-आंब्यावर वाढलेल्या माकडाचे दात किडतात आणि जुलाब थांबत नाहीत. क जीवनसत्त्व त्यांना शरीरात बनवता येत नाही. त्यासाठी पेरूची एक फोड पुरेशी, पुण्यात पेरूला तोटा नाही. पेलेटमधलं क जीवनसत्त्वही साठवणीत उडतं, म्हणून उत्पादनाची तारीख बघून घ्या आणि पोतं नव्हे, छोटं पाकीट घ्या.

११. डिंक म्हणजे लाडवातला डिंक चालतो का? कसा द्यायचा?

चालतो, पण कोणता ते बघून. या माकडाचे खालचे दात झाडाला भोक पाडून डिंक काढण्यासाठीच घडलेले आहेत. टॅमरिनचे तसे नसतात, ती आयता सापडला तर खातात. हवा तो बाभळीचा, कोरडा, न तळलेला.

रविवार पेठेत ‘डिंक’ मागितला की समोर दोन-तीन बरण्या येतात. बाभळीचा खडा पिवळसर-लालसर, मोडला की काचेसारखा चकाकतो आणि पाण्यात हळूहळू पूर्ण विरघळतो. धावड्याचा लाडवाला उत्तम, पण पाण्यात पूर्ण विरघळत नाही. कतिरा पांढुरका असतो आणि फुगून जेलीसारखा होतो, तो नको. शंका असेल तर एक खडा रात्रभर वाटीत भिजवा, सकाळी उत्तर समोर असतं.

एका भागाला दोन भाग कोमट पाणी, रात्रभर भिजवून, सालीचे तुकडे काढायला पातळ कापडातून गाळायचं. पेरूच्या फांदीला ६ मिमीच्या ड्रिलने दीड-दोन सेंमी खोल दहा-पंधरा भोकं पाडा आणि ड्रॉपरने भरा. एका माकडामागे कोरड्या हिशेबाने दीड-दोन ग्रॅम. वाटीत ठेवला तर दोन मिनिटांत संपतो. फांदीत भरला तर तासभर काम मिळतं, आणि खरा फायदा तोच. संध्याकाळी फांदी काढून गरम पाण्याने धुवा. नाही धुतली तर रात्री मुंग्या लागतात आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते.

१२. आमच्याकडे ते पोळी, वरण-भात, चहात बुडवलेलं बिस्कीट आवडीने खातं. थोडंसं चालेल ना?

आवड हा निकष नाही. मार्मोसेटमध्ये एक झिजण्याचा आजार दिसतो: खाणं चालू, तरी वजन उतरतं, जुनाट जुलाब, शेपटीच्या मुळाशी केस आणि मांस कमी होत जातं. कारण एकच नाही, पण काही प्राण्यांत गव्हातल्या ग्लुटेनशी संबंध सापडला आहे. म्हणून पोळी, ब्रेड, बिस्कीट बंद. चहा, चॉकलेट, कांदा, फरसाण, दूध तर नकोच. घासभर भात चुकून खाल्ला तर घाबरायचं कारण नाही. रोजचा करू नका.

१३. किडे कुठले? घरातलं झुरळ पकडून खाल्लं तर?

पाळलेले मीलवर्म, रातकिडे, नाकतोडे. देण्याआधी दिवसभर त्यांना भाजी आणि कॅल्शियम खाऊ घाला, कारण किड्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो.

घरातलं झुरळ धोक्याचं. त्यातून काटेरी तोंडाचा कृमी येतो, तो आतड्याच्या भिंतीत रुततो आणि औषधाने सहज निघत नाही. झुरळांसाठी पिंजऱ्याजवळ फवारणीही नको. जेल लावा, माकडाचा हात पोचणार नाही अशा फटीत. उंदराची पिल्लं कधीही देऊ नका. घरातल्या उंदरांत असलेल्या एका विषाणूने मार्मोसेटना यकृताचा जीवघेणा आजार होतो. मांजराची विष्ठा, कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी लागतो, त्यात बऱ्याचदा लक्षण दिसण्याआधीच मरण येतं.

१४. ओठावर जर (पाण्याचे फोड) उठला आहे. पिंजऱ्याजवळ जाऊ का?

नाही. खपली पडून त्वचा पूर्ण भरेपर्यंत नाही. माणसाला किरकोळ वाटणारा हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू मार्मोसेटला काही दिवसांत मारतो. तोंडात व्रण, लाळ, मग मेंदूज्वर. घरात दुसऱ्या कुणी खाऊ घालायचं. हात धुवून, मास्क लावून. उष्टं देणं, तोंडाने भरवणं, ओठाला पापी हे निरोगी असतानाही बंद, कारण जर उठण्याआधीही विषाणू लाळेत असू शकतो. गोवर आणि सर्दी-खोकल्यालाही हाच नियम.

१५. आजारी आहे हे ओळखायचं कसं?

वजनावरून. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंतचा काटा पिंजऱ्यात ठेवा, वर एक किडा ठेवून त्यावर चढायची सवय लावा, आणि दर रविवारी वहीत आकडा लिहा. महिन्यात दहा टक्के उतरलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर. दुखणं ते शेवटपर्यंत लपवतं. पाठ वाकवून दिवसा फांदीवर बसलेलं, डोळे अर्धे मिटलेलं, कळपापासून लांब असलेलं माकड त्याच दिवशी दाखवायचं.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात या प्राण्याचा अनुभव असेलच असं नाही, तेव्हा गरज पडायच्या आधी एक्झॉटिक प्राणी बघणारे डॉक्टर शोधून ठेवा. नेताना झोपायची पेटीच दार लावून न्या, जोडीदारासकट. भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवू नका. एवढ्याशा जिवाची साखर तासांत उतरते. किती तास ते डॉक्टर सांगतील.

१६. चावलं. रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागेल का?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. निर्णय डॉक्टरांचा, पण ‘घरातलंच आहे’ एवढं सांगून टाळू नका. ईशान्य ब्राझीलमध्ये मार्मोसेटपासून माणसांना रेबीज होऊन मृत्यू झालेले आहेत, आणि तस्करीतून आलेल्याचा इतिहास कुणालाच माहीत नसतो. धनुर्वाताचंही विचारा.

१७. साफ केलं की लगेच मुतून घाण करतं. मुद्दाम करतं का?

ते आपल्या वासाची खूण परत लावतं. सगळा पिंजरा एकदम घासलात तर त्याला घर परकं होतं आणि खुणा दुप्पट होतात. तळ आणि भांडी रोज. फांद्या आळीपाळीने, एका वेळी एक तृतीयांश. काळं फिनेल वापरू नका. पातळ ब्लीच लावून, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवून, वाळल्यावरच माकडं परत सोडा.

१८. डायपर, कपडे, गळ्यात पट्टा?

नको. डायपरने शेपटीच्या मुळाशी जखमा होतात, आणि प्रश्न १७ मधली खूण लावताच येत नाही.

१९. गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके. काय करायचं?

आठ दिवस आधी पिंजरा घराच्या आतल्या खोलीत हलवा, त्याच दिवशी नको. तीन बाजूंनी जाड चादर, झोपायची पेटी उघडी, आणि पंख्याचा किंवा कूलरचा एकसारखा आवाज. त्यांना माणसाला न ऐकू येणारे बारीक आवाजही ऐकू येतात, म्हणून उंदीर पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र घरात बारा महिने बंद. मच्छर अगरबत्तीही नको. पिंजऱ्यालाच मच्छरदाणी बांधा, हाताभर अंतर ठेवून.

२०. सांभाळणं जमत नाही. ताम्हिणी किंवा वेताळ टेकडीवर सोडलं तर जगेल का?

बहुधा मरेल, घारीच्या तोंडी किंवा पहिल्या थंडीत. जगलं तर ते आणखी वाईट. ब्राझीलमध्येच आग्नेय भागात सोडलेल्या साध्या मार्मोसेटनी तिथल्या दुर्मीळ मार्मोसेटशी संकर करून त्यांची जात धोक्यात आणली आहे. कायद्याचा प्रश्न वेगळाच. वनविभागाला कळवा, प्रश्न ३ पाहा.

२१. चुकून सुटलं तर?

पाठलाग करू नका, ते वर वर जाईल आणि विजेच्या तारेवर पोचेल. जोडीदाराला पिंजऱ्यात ठेवून पिंजरा खिडकीशी आणा. त्याची लांब शिट्टी ऐकून बहुतेक वेळा ते स्वतः येतं. झोपायची पेटी आणि डिंकाची फांदी बाहेर दिसेल अशी ठेवा. अंधार पडायच्या तासभर आधीची वेळ सर्वांत आशेची, कारण त्या वेळी त्याला पेटी हवी असते.

२२. जोडीला पिल्लं किती होतात?

वाटतं त्यापेक्षा फार. गर्भकाळ साधारण १४३ दिवस, बहुधा जुळी, आणि बाळंतपणानंतर दहा-बारा दिवसांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे वर्षाला चार. पिल्लांना पाठीवर बाप आणि मोठी भावंडं वागवतात. ‘आई टाकून देते’ असं समजून पिल्लू उचलून घेऊ नका. तिळी झाली तर मात्र आईला स्तन दोनच, तिसरं बहुधा जगत नाही. प्रत्येक पिल्लाची नोंद करावी लागते, म्हणून नसबंदीचा निर्णय जोडी आणतानाच घ्या.

२३. जोडीतलं एक गेलं. दुसऱ्याचं काय करू?

मेलेलं माकड तासभर पिंजऱ्यात राहू द्या. मागे राहिलेलं शोधत हाका मारणं लवकर थांबवतं. मग मृत्यूचं कारण कळण्यासाठी शवविच्छेदन करून घ्या. तोपर्यंत शरीर पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की पेशी फुटतात आणि तपासात काही दिसत नाही. संसर्ग निघाला तर पुढचं माकड आणण्याआधी उपचार आणि निर्जंतुकीकरण. मृत्यूची नोंद पोर्टलवर.

नवा जोडीदार आणला तर आधी तीस दिवस वेगळ्या खोलीत. नंतर दोन पिंजरे हातभर अंतरावर, मग दुहेरी जाळीने शेजारी, साधारण दोन आठवडे. पाठ वळवून शेपूट उचलून दाखवणं, कानाचे झुपके चपटे करणं चालू आहे तोवर दार उघडू नका. जाळीजवळ दोघं शांत बसून खाऊ लागली की सकाळी, डिंकाच्या दोन फांद्या दोन टोकांना लावून, एकत्र सोडा आणि पहिला पूर्ण दिवस तिथून हलू नका. जाड हातमोजे आणि टॉवेल हाताशी असू द्या.